पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक पॅड: ओळख, तपासणी आणि बसवणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुढे डिस्क ब्रेक असलेल्या साध्या कारबद्दल हे प्रश्नोत्तर आहे. पॅड बदलणं तसं सोपं असतं. जुना काढला, नवा घातला. पण नवे पॅड घालूनही आवाज येतो, चाक तापतं, एकच पॅड भराभर झिजतो, या तक्रारी बहुतेक वेळा पॅडच्या नसतातच. कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा भाग) आपल्या पिनांवर मोकळा सरकत नाही, हे त्यामागचं नेहमीचं कारण. त्यामुळे खाली पॅडइतकंच कॅलिपरबद्दल वाचायला मिळेल.

ब्रेक पॅड नेमकं काय करतो?

चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे पोलादी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा थर. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब आणतो, तो दाब नळ्यांतून कॅलिपरमधल्या पिस्टनपर्यंत जातो आणि पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. गाडीच्या गतीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. त्यातली बरीचशी डिस्क शोषून घेते आणि मग हवेत सोडते.

ही उष्णता किती असते याचा अंदाज असलेला बरा. १,२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा मुख्यतः ब्रेकना पचवावी लागते. एक लिटर पाणी खोलीतल्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते, आणि इथे हे काही सेकंदांत घडतं. तीच गाडी ताशी ४० वर असती तर पाऊण लाख ज्यूलमध्ये भागलं असतं, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा असं जाणती माणसं सांगतात, त्यामागचं गणित हेच.

पिस्टन एकाच बाजूला असतो, मग दुसरा पॅड कसा दाबला जातो?

बहुतेक कारमध्ये कॅलिपर ‘फ्लोटिंग’ प्रकारचा असतो. तो दोन गुळगुळीत पिनांवर आडवा सरकू शकतो, आणि या पिना चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या आधाराला) घट्ट बसवलेल्या ब्रॅकेटमध्ये असतात. पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो. तो पॅड टेकला की त्याच जोराने कॅलिपरचं सगळं धूड उलट्या दिशेला सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतं. म्हणजे बाहेरचा पॅड चालतो तो कॅलिपर सरकतो म्हणून. पिना गंजल्या, त्यांचं ग्रीस वाळलं किंवा त्यांच्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून आत पाणी गेलं, की सरकणं थांबतं आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो.

काही जड किंवा वेगवान गाड्यांत ‘फिक्स्ड’ कॅलिपर असतो. त्यात दोन्ही बाजूंना पिस्टन असतात आणि कॅलिपर जागचा हलत नाही. त्याचे पॅड बहुधा वरून दोन खिळ्यांसारख्या पिना काढून बाहेर खेचता येतात. खाली दिलेला क्रम मात्र फ्लोटिंग कॅलिपरचा आहे.

पेडल सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो? स्प्रिंग तर दिसत नाही.

काम पिस्टनभोवतीच्या चौकोनी छेदाच्या रबरी सीलचं आहे. दाब आला की पिस्टन पुढे जातो आणि सील त्याच्याबरोबर किंचित पिळलं जातं. दाब गेला की सील पूर्ववत होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरून नवी जागा धरतो. म्हणून डिस्क ब्रेकला हाताने ॲडजस्टमेंट लागत नाही आणि पॅड निम्मे झिजले तरी पेडलची उंची तीच राहते.

याची एक खूण बाहेरून दिसते. पिस्टन जितका पुढे, तितकं त्याच्यामागे ऑइल जास्त भरतं आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. पातळी खाली दिसली की लगेच वरून ऑइल ओतायची घाई करू नये. आधी पॅड बघावेत. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती गाडी चालवायची नाही.

पुढचेच पॅड आधी का संपतात?

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर झुकतं. मागची चाकं हलकी होतात आणि त्यांच्यावर जोर दिला तर ती घसरतील. म्हणून साधारण ६० ते ७० टक्के ब्रेकिंग पुढच्या चाकांकडे दिलेलं असतं. झीजही त्याच प्रमाणात.

पॅड बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

सगळ्यात खरा पुरावा जाडीचा. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमीवर आला की बदलायची तयारी करावी. बऱ्याच कंपन्यांची शेवटची मर्यादा २ मिमीच्या आसपास असते, पण तिथपर्यंत ताणण्यात शहाणपण नाही: थर पातळ झाला की उष्णता पोलादी पट्टीतून पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जास्त जाते. मोजताना पोलादी पट्टी धरायची नाही, फक्त थर.

चाकाच्या फटीतून डोकावलं की दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड तिथून नीट दिसत नाही, आणि लवकर संपणारा बहुधा तोच असतो. नुसतं फटीतून बघून ‘अजून भरपूर आहे’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चाक काढून दोन्ही बघा.

पुष्कळ पॅडवर एक छोटी पोलादी जीभ असते. थर ठरावीक जाडीवर आला की ती डिस्कला घासते आणि गाडी चालताना बारीक, तीक्ष्ण चीं आवाज येतो. ब्रेक दाबला की हा आवाज बदलतो किंवा थांबतो. काही गाड्यांत याऐवजी विजेचा सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. असा सेन्सर एकदा घासला गेला की तो नव्या पॅडबरोबर बदलावाच लागतो.

एक पॅडचा सेट किती किलोमीटर चालतो?

३०,००० ते ७०,००० असा ऐसपैस आकडा सांगितला जातो आणि तो दोन्ही बाजूंनी खोटा ठरू शकतो. शहरातल्या गर्दीत दर मिनिटाला ब्रेक लागतो, तर मोकळ्या महामार्गावर तासातून चार-पाच वेळा. किलोमीटर मोजण्यापेक्षा दर सर्व्हिसला जाडी लिहून ठेवली, तर तुमच्या गाडीचा झिजण्याचा वेग दोन नोंदींतच कळतो.

कुठला आवाज काळजीचा?

लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखरीत, जड आवाज आला आणि पेडलमध्ये खरवड जाणवली, तर थर संपून पोलादी पट्टी डिस्कला खात आहे. गाडी तिथेच थांबवा. ब्रेकिंगचं अंतर वाढतं, आणि डिस्कवर चर पडले की पॅडबरोबर तीही बदलावी लागते.

सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना येणारी खसखस निरुपद्रवी असते. पावसात किंवा गाडी धुतल्यावर डिस्कवर रातोरात गंजाचा पातळ थर येतो आणि पॅड तो पुसून काढतात. खड्ड्यांत खडखड आणि ब्रेक दाबताच बंद, असं असेल तर पॅड ब्रॅकेटमध्ये सैल आहेत, त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपा तपासा.

उरला तो हलक्या ब्रेकला येणारा कर्णकर्कश सूर. पॅड आणि डिस्क यांच्या कंपनाचा तो आवाज आहे. ब्रेक कमजोर झाल्याची ती खूण असतेच असं नाही. हे दुखणं फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, आणि तांब्याचं अस्तर वापरणारे ते ब्रेक भयंकर किंचाळत. डिस्क ब्रेकचा दबदबा निर्माण व्हायला १९५३ उजाडलं. त्या वर्षी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. आजचे पॅड कडांना तिरके कापलेले असतात, मधे चीर असते, पाठीवर रबर आणि पत्र्याच्या थरांची शिम असते. हे सगळं त्या कंपनाला आवर घालण्यासाठीच.

कोणते पॅड घ्यावेत: ऑर्गॅनिक, सेमी-मेटॅलिक की सिरॅमिक?

ऑर्गॅनिक पॅड मऊ आणि शांत असतात, डिस्कला कमी खातात, पण लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा अंश बराच असतो. ते उष्णता चांगली सहन करतात आणि घाटात, भरल्या गाडीला भरवशाचे असतात. बदल्यात आवाज, काळी धूळ आणि डिस्कची थोडी जास्त झीज. सिरॅमिक शांत, धूळ फिकट आणि कमी, आयुष्य चांगलं. ‘सिरॅमिक म्हणजे सगळ्यात जोरदार ब्रेक’ हा समज मात्र सोडून द्या. माझं मत विचाराल तर कंपनीने गाडीला ज्या प्रकारचे दिले होते त्याच प्रकारचे, ओळखीच्या उत्पादकाचे घ्यावेत. पेडलचा जोर, मास्टर सिलिंडर, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) हे सगळं त्या पकडीला जुळवून बसवलेलं असतं.

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर छापलेल्या कोडमध्ये बऱ्याचदा दोन अक्षरं सापडतात, उदाहरणार्थ ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरच्या. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पॅड ढिला पडतो असं समजावं. ‘ईसीई आर९०’ असा शिक्का असेल तर तो पॅड मूळ पॅडशी तुलना करून तपासलेला आहे.

नकली मालाची एक साधी परीक्षा: थर पोलादी पट्टीवर सगळीकडे नीट चिकटलेला आहे का, कडेला भेग आहे का, छपाई पुसट आहे का ते बघा. पट्टीपासून सुटलेला थर म्हणजे ऐन वेळी ब्रेकच नसणं.

पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागते का?

दरवेळी नाही. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने घासल्या जाणाऱ्या पट्ट्यात चार-पाच ठिकाणी मोजा. साध्या व्हर्नियरचा जबडा कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतो आणि जाडी फुगवून दाखवतो, म्हणून तिथे सावध राहा. जाडी मर्यादेजवळ असेल, कडेपर्यंत गेलेली भेग असेल किंवा नख अडकेल इतके खोल चर असतील तर डिस्क बदला, आणि ती दोन्ही बाजूंची.

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं तेव्हा ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हटलं जातं. खरी वाकलेली डिस्क क्वचित सापडते. बहुतेक वेळा डिस्कची जाडी जागोजागी बदललेली असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरकही पायाला जाणवतो. तो येतो दोन वाटांनी. एक, तापलेले पॅड एकाच जागी दाबून धरल्याने त्यांचा थर तिथे चिकटतो. दुसरी, हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि डिस्कच्या मधे गंज राहिल्याने डिस्क किंचित तिरकी फिरते आणि दर फेरीला एकाच ठिकाणी घासली जाते. म्हणून नवी डिस्क बसवण्याआधी हबचा चेहरा वायर ब्रशने लख्ख करणं हा कामाचा भाग आहे. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेलही ब्रेक क्लीनरने पुसून काढायचं.

एकाच चाकाचे पॅड बदलले तर चालेल?

नाही. डाव्या-उजव्या पकडीत फरक पडला की जोरात ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. एका ॲक्सलचे चारही पॅड एकदम.

हे काम घरी करता येईल का?

चाक बदलता येतं, नट-बोल्ट कसायची सवय आहे आणि हातात वेळ आहे, तर येईल. पहिल्यांदा करताना जाणकार कोणी शेजारी असावा. ब्रेकचं ऑइल गळतंय, होजला (कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीला) भेगा आहेत, पिस्टन हलत नाही, त्याचा रबरी बूट फाटलाय, बोल्टचे आटे गेलेत, असं काही दिसलं तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. त्या अवस्थेत नवे पॅड घालून गाडी रस्त्यावर आणण्याला अर्थ नाही.

काय काय हाताशी लागेल?

जॅक आणि जॅकस्टँडची जोडी, मागच्या चाकांना लावायला ठोकळे, सॉकेट पाने, टॉर्क पाना (ठरावीक जोराने कसता येणारा), वायर ब्रश, पिस्टन मागे ढकलायला सी-क्लॅम्प, ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस, कॅलिपर टांगायला जाड तार, हातमोजे आणि मास्क. नव्या क्लिपांचा सेट पॅडबरोबर आला नसेल तर वेगळा घ्या. जुन्या क्लिपांची ताकद गेलेली असते, आणि नव्या पॅडवर एवढा खर्च करून तिथे वाचवण्यात काही हशील नाही.

जुने पॅड काढायचे कसे?

सपाट, कठीण जागा. मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक. गाडी जॅकस्टँडवर टेकवल्याशिवाय हात आत घालायचा नाही, नुसत्या जॅकवर तर अजिबात नाही. एका वेळी एकच बाजू खोला. अडलात तर दुसरी बाजू नमुना म्हणून तयार असते. खोलण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा.

कॅलिपर बाहेरच्या बाजूला येईल असं स्टिअरिंग वळवा. पिनांचे दोन बोल्ट असतात. पुष्कळ गाड्यांत फक्त खालचा काढून कॅलिपर वर उघडता येतो. बोल्ट फिरवताना पिनही फिरत असेल तर तिला दुसऱ्या पान्याने धरा. कॅलिपर पूर्ण काढला तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. तो होजवर लोंबकळू देणं ही नेहमी दिसणारी चूक आहे: होज बाहेरून ठीक दिसते पण आतून चिरते. आणि कॅलिपर बाहेर असताना पेडलला कोणी हात-पाय लावणार नाही हे बघा, नाहीतर पिस्टन बाहेर येईल.

पॅड काढले की फेकून देऊ नका. ओळीने मांडा, आतला कुठला आणि बाहेरचा कुठला हे लक्षात ठेवून. पुढच्या उत्तरात ते लागतील.

जुन्या पॅडच्या झिजेवरून काय कळतं?

दोन्ही सारखे झिजलेत तर कॅलिपर निरोगी. आतला पार संपलाय आणि बाहेरचा बराच शिल्लक आहे, तर पिना जाम आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर दाबून सरकतो पण सुटत नाही, किंवा तो पॅड ब्रॅकेटमध्ये अडकलाय. एकच पॅड उतरता, पाचरीसारखा झिजलाय, तर दोनपैकी एक पिन अडकली आहे. थर काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॅड वारंवार भाजलेत. तेल किंवा ग्रीस लागलेला पॅड धुऊन, भाजून, घासून पुन्हा वापरायच्या युक्त्या ऐकू येतात. त्या ऐकू नका. थर सच्छिद्र असतो आणि आत मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतं.

पिस्टन मागे ढकलताना काय सांभाळायचं?

आधी टाकीची पातळी बघा. मधे कोणी वरून ऑइल भरलं असेल तर पिस्टन मागे जाताच टाकी उतू जाते, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. पातळी जास्त असेल तर स्वच्छ पिचकारीने थोडं काढून घ्या. पिस्टनच्या तोंडाशी जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्प सावकाश आवळा, म्हणजे जोर सरळ पडतो आणि पिस्टन तिरका होत नाही. त्याआधी बूटभोवतीची घाण पुसून घ्या. नेटाने पण एकसारखा मागे जायला हवा. मधेच अडकला तर कॅलिपर दुरुस्तीला गेला म्हणायचं.

ब्लीड निपल (कॅलिपरवरची ऑइल सोडायची छोटी तोटी) उघडून जुनं ऑइल बाहेर सोडत पिस्टन दाबावा, असं काही मेकॅनिक सांगतात. कॅलिपरमधलं घाण ऑइल उलटं एबीएसच्या बारीक झडपांकडे जाऊ नये हा त्यामागचा विचार. तो बरोबर आहे, पण त्यात हवा शिरायचा धोकाही आहे. ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) येत असेल तर जरूर करा. येत नसेल तर निपल बंद ठेवून हळू दाबा आणि ऑइल वेळच्या वेळी बदलत जा.

साफसफाई आणि ग्रीस: कुठे, किती?

सगळ्या कामाचा जीव इथे आहे, आणि घाईत हीच पायरी गाळली जाते.

ब्रॅकेटवर पॅडचे कान ज्या खाचांत बसतात, तिथल्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंजाची खपली साठलेली असते. ती क्लिपेला आतून फुगवते, खाच अरुंद होते आणि नवा पॅड तिथे चिमटला जातो. वायर ब्रशने किंवा कानसेने धातू दिसेपर्यंत साफ करा, मगच नव्या क्लिपा बसवा. दोन्ही पिना बाहेर ओढा, जुनं ग्रीस पुसून काढा आणि पिनेवर गंजाचे खड्डे आहेत का बोट फिरवून बघा. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीला टोकाशी रबर असतं. अदलाबदल करू नका. सिलिकोन ग्रीसचा पातळ थर देऊन पिन आत घाला. ती बोटाने आत-बाहेर सहज सरकली पाहिजे आणि बूट तिच्या खाचेत नीट बसला पाहिजे. ग्रीस कोंबून भरलं तर आत हवा अडकते आणि पिन बाहेर ढकलली जाते.

साधं चाकाचं ग्रीस इथे चालत नाही. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात आणि पिन आणखीच जाम होते. पॅडच्या कानांवर आणि पाठीवर, जिथे धातू धातूला टेकतो तिथे, ब्रेकचं ग्रीस अगदी पुसट लावा. थरावर किंवा डिस्कवर बोटाचा ठसाही नको. उमटलाच तर ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडकं.

धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, तोंडाने फुंकायचीही नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि आजचं मिश्रणही फुप्फुसांत जाण्यालायक नाही. ओलं करून पुसा.

नवे पॅड बसवताना कुठे चुकतं?

आतला बाहेर आणि बाहेरचा आत, इथे. आतल्या पॅडवर बहुधा आवाजाची जीभ असते, काहींच्या पाठीवर पिस्टनच्या पोकळीत घुसणारी स्प्रिंग असते. बाण छापलेला असेल तर तो गाडी पुढे जाताना डिस्क ज्या दिशेला फिरते ती दिशा दाखवतो. आणि हो, थर डिस्ककडे. हे सांगावं लागू नये, पण पॅड उलटा बसवून निघालेल्या गाड्या गॅरेजात येतात.

पॅड हाताच्या जोराने खाचेत सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर खाच घाण आहे, क्लिप नीट बसलेली नाही किंवा पॅड चुकीचा आहे. कॅलिपर नव्या पॅडवर बसत नसेल तर पिस्टन पूर्ण मागे गेलेला नाही.

बोल्ट टॉर्क पान्यानेच कसा. छोट्या कारमध्ये पिनांचे बोल्ट बहुधा २५ ते ३५ न्यूटन-मीटर, चाकाचे नट १०० च्या आसपास, आणि ब्रॅकेट काढलं असेल तर त्याचे बोल्ट याहून बरेच घट्ट लागू शकतात. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरायचा. पिनेचा छोटा बोल्ट अंदाजाने ताकद लावून आवळला की तुटतो. शेवटी होज पिळलेली नाही ना आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर ती कुठे घासत नाही ना, हे बघून घ्या.

सगळं बसवलं, पण पेडल थेट तळाला जातंय!

जाणारच. पिस्टन मागे ढकललेत, पॅड आणि डिस्कमध्ये फट आहे. इंजिन सुरू करून गाडी हलवण्याआधी पेडल सावकाश, थोडं-थोडं दाबत राहा. काही दाबांत ते वर येऊन कडक होईल. ही पायरी विसरून गाडी मागे घेतली तर पहिल्या ब्रेकला काहीच लागत नाही आणि मागे भिंत असते. पेडल कडक झाल्यावर टाकीतली पातळी किमान आणि कमालच्या मधे आणा. बराच वेळ दाबूनही पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे. ब्लीडिंग झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

नवे पॅड ‘बसवून घ्यायचे’ म्हणजे काय?

नव्या पॅडचा थोडा अंश डिस्कवर एकसारखा पसरला की खरी पकड येते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ५० वरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका. मधे अर्धा-एक मिनिट गाडी चालवून ब्रेक थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवा. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभं राहणं टाळा, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पॅडच्या खोक्यात वेगळी सूचना असेल तर ती पाळा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड किंचित कमी वाटेल, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. किंचित जळका वास आला तर घाबरू नका, थरातली रेझिन तापते तेव्हा तसं होतं.

चाक तापतंय किंवा गाडी एका बाजूला ओढतेय, आता?

थोडं फिरून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन तुलना करा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एक चाक स्पष्ट जास्त तापत असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही: पिन, चिमटलेला पॅड किंवा पिस्टन. क्वचित होज आतून सुजलेली असते. दाब पुढे जातो पण परत येत नाही. ब्रेक मारताना गाडी ओढते ती बहुधा चांगल्या बाजूकडे, म्हणजे दोष विरुद्ध चाकात शोधायचा. ब्रेक न लावताही गाडी ओढत असेल, तर जास्त तापणारं चाकच दोषी.

ब्रेक ऑइलही बदलावं का?

दर दोन वर्षांनी बदलावं ही सर्वसाधारण शिफारस आहे. हे ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. कोरडं डॉट ४ (‘डॉट’ हा ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ ला. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात, त्यामुळे पाय तळाला जातो आणि ब्रेक लागत नाही. टाकीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच वापरा. डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही.

मागच्या डिस्क ब्रेकलाही हीच पद्धत?

नाही. हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर तो पिस्टन सरळ दाबायचा नसतो, खास हत्याराने फिरवत आत न्यायचा असतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लागतो. तो न लावता जोर केला तर मोटर जाते.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीला हे सगळं लागू होतं का?

पॅड फार सावकाश झिजतात, कारण वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते. त्यामुळे दुखणं बदलतं. घासलं न गेल्याने डिस्कवर गंज मुरतो, क्लिपांखाली खपली साठते आणि पिना वापराविना जाम होतात. दहा मिमीचा पॅड आहे पण कॅलिपर हलतच नाही, असं चित्र अशा गाड्यांत दिसतं. म्हणून जाडी कितीही असो, वर्षातून एकदा पॅड बाहेर काढून खाचा आणि पिना साफ करून घ्याव्यात. पावसाळी किंवा खाऱ्या हवेत त्याहून लवकर.